हॉवर्ड विद्यापीठाचा फुटबॉल संघ आणि परदेशी खेळाडूची पात्रता

विद्यापीठीय क्रीडासंघाचा इतिहास विजयांच्या कोष्टकावरून लिहिण्याचा प्रघात आहे. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठाच्या पुरुष फुटबॉल संघाबाबत तो अपुरा पडतो. कारण या संघाचा एक विजय कोष्टकात उरलेलाच नाही.

प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी १८६७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने १९७१ साली सेंट लुईस विद्यापीठास ३-२ असे नमवून अमेरिकेचे आंतरविद्यापीठीय अजिंक्यपद मिळविले. प्रशिक्षक लिंकन फिलिप्स त्रिनिदादचे. खेळाडूंचा भरणा कॅरिबियन बेटांतला व आफ्रिकेतला. राष्ट्रीय क्रीडामंडळाने काही खेळाडू अपात्र ठरवून १९७३ साली ते पद काढून घेतले. मंडळाचा एक नियम विशेष विचारार्ह होता. परकीय नागरिकाने एकोणिसाव्या वाढदिवसानंतर, प्रवेशापूर्वी, परदेशात खेळण्यात घालविलेले प्रत्येक वर्ष त्याच्या पात्रतेच्या वर्षांतून वजा होई. अमेरिकन नागरिकास तो लागू नव्हता.

हॉवर्डने न्यायालयात दाद मागितली. केवळ परकीयत्वावर आधारलेला हा नियम घटनाबाह्य होय, असा निर्णय त्याच वर्षी झाला. १९७५ साली अपील न्यायालयाने तो कायम केला. इतर नियम मात्र वैध ठरले, आणि गेलेले पद परतले नाही. न्यायदृष्ट्या हे सुसंगत असेल. खेळाडूंना ते पटणे कठीणच.

दरम्यान, १९७४ साली एकूणएक १९ सामने जिंकून हॉवर्डने अजिंक्यपद पुन्हा मिळविले. अंतिम सामना सेंट लुईस नगरीतच, त्याच प्रतिस्पर्ध्याशी झाला. जादा वेळेच्या चौथ्या टप्प्यात तो २-१ असा सुटला.