सिबिलबद्दल आपल्या बैठकीत काय काय बोललं जातं!

मैत्रिणींनो, गटाची बैठक असो की बँकेच्या दारातली रांग, “तिचं सिबिल खराब झालंय” हे वाक्य हल्ली ऐकू येतंच. पण सिबिल म्हणजे नक्की काय, हे विचारलं की प्रत्येकीचं उत्तर वेगळं. कुणाला वाटतं ती सरकारची काळी यादी आहे, तर कुणाला वाटतं बँकेतले साहेब आपल्याला पेपरासारखे मार्क देतात.

वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणतो ना, तसंच हे झालंय. सिबिल हे एका कंपनीचं नाव. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क धरून अशा चार कंपन्या आहेत. त्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो. बँका, पतपुरवठा कंपन्या, मायक्रोफायनान्सवाले आपण कोणतं कर्ज घेतलं, हप्ता वेळेवर भरला का, ही माहिती त्यांच्याकडे पाठवतात. त्यावरून अहवाल बनतो आणि ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो. तोच स्कोअर. कर्ज द्यायचं की नाही हे ठरवते बँकच, ही कंपनी नाही. तुमचं उत्पन्न किती, बचत खात्यात किती पैसे आहेत, यावर स्कोअर ठरत नाही. म्हणून मोठ्या बागायतदारीणबाईंचा स्कोअर कमी आणि शिलाई करणाऱ्या ताईंचा जास्त असू शकतो.

“मी कधी कर्जच घेतलं नाही, म्हणजे माझा स्कोअर एकदम भारी,” असंही काहीजणी म्हणतात. तसं नसतं. कर्जच नाही तर अहवालात लिहायला काही नाही, आणि तिथे स्कोअरऐवजी ‘इतिहास नाही’ अशी खूण येते. ती वाईट नव्हे. फक्त बँकेला तुमची ओळख पटलेली नसते, एवढंच.

गटाच्या कर्जाचं काय? ते गटाच्या नावावर, आपला काय संबंध, असं समजू नका. गटाला दिलेल्या कर्जात सदस्यांची माहितीही बँकांनी कळवावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१६ सालीच सांगितलंय. तेव्हा वही आणि बँकेचे कागद यांतलं तुमचं नाव, आधारप्रमाणे स्पेलिंग, जन्मतारीख, मोबाईल नंबर नीट आहे का ते अध्यक्ष-सचिवांकडे बसून एकदा बघा. नाव सारखं असलं की एकीचं कर्ज दुसरीच्या अहवालात जाऊन बसू शकतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते नाव देण्यात. नणंदेला गरज आहे, शेजारणीला मुलीच्या लग्नाला पैसे हवेत, म्हणून आपण आपल्या आधारवर कर्ज काढतो आणि पैसे तिला देतो. “हप्ता मी भरीन गं,” ती म्हणते. दोन-चार महिने भरतेही. पुढे थांबली की थकबाकी कुणाच्या अहवालात? आपल्या. पैसे कुणी वापरले हे अहवालात कुठेच लिहिलेलं नसतं. जामीनदार राहिलात तरी ते कर्ज तुमच्या अहवालात दिसतं. कुणाला नाही म्हणणं अवघड असतं, हे आम्हाला माहीत आहे. तरी म्हणावं लागतं. नवऱ्याच्या थकबाकीचं मात्र उगाच ओझं घेऊ नका. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर ती तुमच्या अहवालात येत नाही. पण मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना सगळ्या घराचे हप्ते मिळून बघतात, ही गोष्ट वेगळी.

“थोडे पैसे भरा, बाकीचे सोडून देतो,” असं वसुलीवाला म्हणाला की हायसं वाटतं. पण मग अहवालात ‘पूर्ण फेडलं’ असं न येता ‘तडजोड’ असं येतं, आणि पुढची बँक ते बघून मागे सरते. जमत असेल तर पूर्ण भरा आणि बेबाकी दाखला मागून घ्या.

स्वतःचा अहवाल पाहिला की स्कोअर घटतो, ही भीती तर साफ काढून टाका. घटत नाही. एकाच वेळी पाच ठिकाणी कर्जाला अर्ज केलात तर फरक पडतो. चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर. मोबाईलवर जमत नसेल तर बँक सखीला सोबत घ्या, पण ओटीपी स्वतःच टाका.

अहवालात न घेतलेलं कर्ज दिसलं किंवा फेडलेलं कर्ज अजून चालू दाखवत असेल, तर बँकेकडे किंवा त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. तक्रार फुकट असते. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. म्हणून पोच घ्या, तारीख जपा. तरीही कुणी ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८.

आणि तालुक्याला “पाच हजार द्या, सिबिल क्लिअर करून देतो” म्हणणारे भेटतात, त्यांना चहासुद्धा पाजू नका. खरी थकबाकी कुणालाच पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. पुढच्या बैठकीला येताना आधार, पॅनकार्ड आणि मोबाईल घेऊन या. दोघीतिघींचे अहवाल तिथेच काढून बघू.