मान वाकडी झाली म्हणजे मानमोडीच असं नाही

पशुपालनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा राज्य सरकारचा निर्णय जुलै 2025 मध्ये झाला आणि त्याचे ढोलही वाजून झाले. 25,000 मांसल किंवा 50,000 अंड्यांवरच्या पक्ष्यांपर्यंतच्या फार्मला शेतीच्या दराने वीज, सौर संचाला अनुदान, कर्जाच्या व्याजात सवलत. चांगलंच आहे. पण अकोला जिल्ह्यातल्या पातूर तालुक्यात आलेगावकडच्या एखाद्या वस्तीवर जिच्या खुराड्यात आठ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, त्या बाईच्या खुराड्यात मुळात वीजच नाही, ती स्वस्त होऊन तिला काय मिळणार? तिची अडचण निराळी आहे. सकाळी खुराडं उघडावं तर एक तलंग बाहेर येत नाही. येते ती मान पिळलेली, चोच आभाळाकडे, दोन पावलं टाकून मागे कोलमडणारी. "काहून वो, हिले काय झालं?" शेजारीण लांबूनच निदान करते, "मानमोडी." पुढचे निर्णय दोनच उरतात. कापून खायची, नाहीतर बाकीच्यांना रोग लागायच्या आत सगळ्या बाजारात विकून मोकळं व्हायचं.

हे दुसरं पाऊल सगळ्यात घातक. रोग खरंच मानमोडी असेल तर तो या बाजारातूनच पुढच्या गावांत जातो.

वाकडी मान हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. त्यामागे विषाणू असेल, जीवनसत्त्वाची कमतरता असेल, विषबाधा असेल, डोक्याला बसलेला मार असेल किंवा कानात पू झाला असेल. म्हणून पहिलं काम औषध शोधण्याचं नाही, मोजण्याचं आहे. आजारी कोंबडी एक आहे की चार? शेजारच्या वाड्यात कोणाच्या मेल्यात का? विष्ठा हिरवट-पांढरी पातळ आहे का? चोच उघडून धापा टाकतात का, पंख लोंबलेत का? एकामागून एक पक्षी पडू लागले असतील तर ती मानमोडी, म्हणजे रानीखेत, असं धरून चालावं. यात मान वाकडी व्हायची पाळी बऱ्याचदा उशिरा येते. आधी ताप, हगवण, धाप आणि मर. जे तगतात त्यांच्या माना पिळलेल्या राहतात. लस न टोचलेल्या कळपात हा रोग जवळजवळ सगळे पक्षी नेऊ शकतो आणि त्यावर औषध नाही. कोणी औषध आहे म्हणून बाटली विकत असेल तर ती घेऊ नये.

एकच कोंबडी वाकडी झाली आहे, डोळा तरतरीत आहे, दाणा दिसला की चोच मारते पण नेम चुकतो, बाकीचा कळप ठणठणीत आहे, असं असेल तर गोष्ट वेगळी. अशी कोंबडी कापायची घाई करू नये. आणि इथे मला जावा बेटावर जायचा मोह आवरत नाही.

1890 च्या सुमारास ख्रिस्तियान आइकमन नावाचा डच लष्करी डॉक्टर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, बेरीबेरीचे जंतू शोधत होता. प्रयोगशाळेत पाळलेल्या कोंबड्यांचे पाय एकाएकी लटपटू लागले, त्या पडू लागल्या. जंतू काही सापडेना. मग कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या! चौकशीत कळलं ते असं. खर्च वाचवायला त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला आणि लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला त्याने साफ नकार दिला. त्यांना पुन्हा हलक्या दर्जाचा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या उभ्या राहिल्या. आइकमनला वाटलं, भातात विष असावं आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. त्याच्यानंतर तिथेच काम करणाऱ्या ग्रेन्सने 1901 साली खरं काय ते सांगितलं. भातात काही जास्त नव्हतं, कोंड्याबरोबर काहीतरी निघून गेलं होतं. ते काहीतरी म्हणजे थायमिन, बी-1 जीवनसत्त्व. 1926 साली यान्सन आणि डोनाथ यांनी त्याच प्रयोगशाळेत त्याचे स्फटिक वेगळे केले. आइकमनला 1929 साली नोबेल मिळालं. त्या स्वयंपाक्याचं नाव कोणी फारसं घेत नाही.

आता योगायोग पाहा. त्याच 1926 साली त्याच जावा बेटावर कोंबड्यांचा एक नवा जीवघेणा रोग नोंदला गेला. त्याच वर्षी तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसल गावाजवळ दिसला आणि जगभर त्या गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. लवकरच तो कुमाऊंच्या डोंगरात रानीखेतला सापडला. आपण त्याला मानमोडी म्हणतो. कोंबडीची मान वाकवणारी दोन मोठी कारणं, एक पोटातलं आणि एक साथीचं, एकाच बेटावर एकाच वर्षी पक्की झाली. पण शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे दोन्हींना नाव एकच.

वऱ्हाडाशी या पांढऱ्या भाताचा संबंध काय? पूर्वी कोंबडीपुढे ज्वारी पडायची, कोंड्यासकट. कपाशी आणि सोयाबीनने ज्वारीचं रान खाल्लं. आता पुष्कळ घरांत कोंबडीपुढे पडतो तो रेशनचा पांढरा तांदूळ. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गवत, उकिरड्यातलं काहीबाही टिपून तूट भरून काढते. पण पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्याचं बियाणं उकरू नये म्हणून तिला डालग्याखाली कोंडतात. तेव्हा तिच्यापुढे तांदळाशिवाय काही नसतं. पावसाळ्यात एकाएकी वाकड्या होणाऱ्या मानांपैकी काही तरी या तांदळाच्या असाव्यात असा माझा तर्क आहे. तर्कच म्हणतो, सिद्धांत नाही. याच दिवसांत रक्ती हगवणीवर अँप्रोलियम नावाची पावडर पाण्यातून देतात. ती बी-1 ला आडवी येऊनच काम करते. दिवस आणि मात्रा वाढवली तर हगवण थांबते आणि मान वळते.

पिल्लांचं गणित थोडं वेगळं. दोन ते चार आठवड्यांचं पिल्लू डोकं पायात घालून गोल फिरू लागलं, उताणं पडून पाय झाडू लागलं तर ई जीवनसत्त्वाची आणि सेलेनियमची कमतरता आठवावी. जुनं, खवट वास येणारं खाद्य हे याचं मोठं कारण, कारण खवट तेलात ई जीवनसत्त्व टिकत नाही. मोबाइलवर फिरणारा "मेडिकलमधली हिरवी कॅप्सूल टोचून पाजा" हा ई जीवनसत्त्वाचा उपाय म्हणूनच अर्धा खरा आहे. कारण कमतरतेचं असेल तर लागू पडतो, तोही लवकर केला तर. मेंदूला इजा होऊन गेली असेल तर नाही. आणि रानीखेतपुढे असल्या दहा कॅप्सूल फुकट. सेलेनियम मात्र स्वतःच्या मनाने देऊ नये. त्याची लागणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं असतं. उकडलेलं अंडं कुस्करून दिलं की थोडं सेलेनियम सुरक्षितपणे पोटात जातं.

बी-1 च्या तुटीवर थायमिनची गोळी चुरून किंवा बी-कॉम्प्लेक्सचं औषध, कोंबडीचं वजन सांगून पशुवैद्यकाकडून मात्रा घेऊन द्यावं. इथे गुण लवकर येतो, कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांत. पण बऱ्याच कोंबड्या कमतरतेने मरत नाहीत, उपासाने मरतात. मान वाकडी असल्याने चोच भांड्यापर्यंत जात नाही. बाकीच्या तिला टोचून हैराण करतात. तिला वेगळं ठेवा, फडक्यात गुंडाळून मांडीवर धरा, डोक्याला हाताचा आधार द्या आणि भिजवलेलं मऊ खाद्य चोचीसमोर न्या. पाणी घशात ओतू नका. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. थेंब चोचीच्या कडेला लावा, ती स्वतः गिळेल. लसूण-हळदीचे गोळे कोंबून भरवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं. सुधारणा संथ असेल तर दोन-तीन आठवडे चिकाटी लागते.

मान पिळलेली नसून दोरीसारखी लुळी पडली असेल तर विषबाधेचा संशय घ्यावा. मेलेल्या जनावरावरच्या अळ्या खाल्ल्याने असं होतं. कपाशीवर फवारणी झालेल्या शेतात किंवा औषध लावलेलं रंगीत बियाणं जिथे सांडलं तिथे कोंबड्या चरल्या असतील, लाळ गळत असेल, थरथर असेल, तर घरी प्रयोग न करता दवाखाना गाठावा.

उरली लस. रानीखेतवर आपल्याकडे एवढा एकच मार्ग आहे आणि तो जुना, स्वस्त, खात्रीचा आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-1 चा थेंब डोळ्यात वा नाकात, चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा लासोटा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी ची सुई. ही आर-टू-बी मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेची देणगी. ती प्रयोगशाळा 1889 साली सुरू झाली होती आपल्या पुण्यात, पुढे 1893 साली कुमाऊंत गेली. ही लस जोरकस आहे. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला टोचली तर तीच त्याला आजारी पाडू शकते. आजारी कळपाला लस टोचू नये.

मग अडतं कुठे? कुपीवर. लासोटाची लहानातली लहान कुपी साधारण 100 मात्रांची येते. एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते, अकोल्याच्या मे महिन्यात तर डोळ्यात तेल घालून. आठ कोंबड्यांसाठी अशी कुपी कोण फोडणार? 2019 च्या पशुगणनेत देशात परसातले पक्षी 31.7 कोटी होते, आधीच्या गणनेपेक्षा 46 टक्क्यांनी जास्त. एवढा मोठा कळप कुपीच्या मापात बसत नाही म्हणून उघडा राहतो, आणि आपण वीजदराच्या सवलतीचे पेढे वाटतो. माझ्या मते दर्जाच्या घोषणेपेक्षा गावात ठरलेल्या सकाळी बर्फाच्या डब्यातून येणारी कुपी जास्त मोलाची आहे.

साथीचा संशय आला तर आजारी पक्षी विकू नका, कापू नका. बर्ड फ्लूची मरही बाहेरून अशीच दिसते. मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरा आणि 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. रानीखेत हा 2009 च्या प्राणी संसर्गरोग कायद्याखाली कळवायचाच रोग आहे. आणि साथ नसेल तर या आठवड्यात एवढं करा. आपल्या गल्लीतल्या, वस्तीवरच्या सगळ्यांच्या कोंबड्या मोजा. शंभराच्या आसपास झाल्या की तो आकडा आणि सोयीची एक सकाळ तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लेखी कळवा.