वॅफल घरीच, पीठ आपल्या डब्यातले

वॅफल म्हणजे चौकड्यांच्या साच्यात भाजलेले जाडसर धिरडे. पदार्थ युरोपातला, पण आता आपल्याकडेही चॉकलेटात बुडवून काठीवर मिळतो आणि मुले हट्ट धरतात. हट्ट मोडण्यापेक्षा घरी करा, असे आम्ही म्हणतो. निदान साखरेचा चमचा आपल्या हातात राहतो.

एक वाटी कणीक, अर्धी वाटी नाचणीचे पीठ, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. नाचणी मुद्दाम घ्या. 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. दोन अंड्यांचे बलक, दीड वाटी दूध, दोन मोठे चमचे तेल आणि एक चमचा गूळ फेटून त्यात पीठ मिसळा. बारीक गुठळ्या राहू द्या; फार घोटले की वॅफल चिवट होते. अंड्यातले पांढरे वेगळे फेसून शेवटी हलक्या हाताने घाला. हलकेपणा त्यानेच येतो. बेकिंग पावडर नसेल तर अर्धा लहान चमचा खायचा सोडा आणि दुधाऐवजी ताक.

साचा चांगला तापवून तेल लावा. वाफ थांबेपर्यंत उघडू नका, नाहीतर वॅफल मधोमध फाटते. विजेचे यंत्र बहुधा 700 ते 1000 वॅटचे असते. इस्त्रीसोबत एकाच एक्स्टेन्शनवर लावू नका. गॅसवर उलटसुलट करायचा साचा आम्हाला बरा वाटतो. तोही नसेल तर तवा आहेच, फक्त चौकड्या पडणार नाहीत.

गूळही शेवटी साखरच. मधुमेह असलेल्यांसाठी तो वगळा आणि मुलांनाही वर पाक न ओतता केळ्याच्या चकत्या द्या.