पासपोर्ट भारताचा, कार्ड जर्मनीचं

जर्मनीत शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींची पहिली मोठी सहल बहुधा प्राग, झुरिक नाहीतर पॅरिसची असते. निघायच्या आदल्या संध्याकाळी मला फोन येतो, "ताई, इथलं कार्ड तिकडे चालेल ना?" मी श्टुटगार्टमध्ये एका कारखान्याच्या पगार विभागात काम करते आणि नव्यानं आलेल्यांसोबत बँकेत खातं उघडायला जाते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी आधी एवढंच सांगते, "कार्ड हातात घे आणि दोन्ही बाजूंना कुठली कुठली चिन्हं आहेत, ती वाचून दाखव."

परदेशात राहणारा माणूस तिसऱ्या देशात गेला की त्याच्या मनात तिन्ही देशांचे नियम एकमेकांत मिसळतात. पासपोर्ट भारताचा, राहण्याचा परवाना जर्मनीचा आणि समोरचं एटीएम चेकियातलं. यांतला कुठला कायदा आपल्याला लागू? सीमेवर पासपोर्ट बघतात, पण कार्डाच्या यंत्राला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. कार्ड कुठल्या देशातल्या बँकेनं दिलं, खातं कुठल्या चलनात आहे आणि कार्ड कुठल्या जाळ्यावर चालतं, या तीन गोष्टींवर बहुतेक सगळं ठरतं. त्या नीट समजल्या की परक्या देशात पैशांसाठी अडून बसायची वेळ सहसा येत नाही.

चिन्हं वाचा

जर्मनीतल्या दुकानांत सर्रास चालतं ते गिरोकार्ड. जुनी माणसं आजही त्याला ईसी कार्डच म्हणतात. काही बेकऱ्यांत आणि लहान उपाहारगृहांत अजूनही हे कार्ड नाहीतर रोख, एवढेच दोन पर्याय असतात. पण गिरोकार्ड हे जर्मन बँकांनी जर्मनीपुरतं उभं केलेलं जाळं आहे. देशाबाहेर कार्ड चालायचं तर त्यावर दुसऱ्या, आंतरराष्ट्रीय जाळ्याचं चिन्ह लागतं. वर्षानुवर्षं ते चिन्ह बहुधा माएस्ट्रोचं असायचं. मास्टरकार्डनं १ जुलै २०२३ पासून युरोपात नवी माएस्ट्रो कार्डं देणं बंद केलं. आधी दिलेली कार्डं त्यांची मुदत संपेपर्यंत चालतात. मुदत संपल्यावर बँक काय हातात देते, हे प्रत्येक बँकेचं वेगळं. कुणी गिरोकार्डावरच डेबिट मास्टरकार्ड किंवा व्हिसा डेबिटचं चिन्ह देतं, कुणी दोन स्वतंत्र कार्डं देतं आणि गिरोकार्डाचे दरमहा वेगळे पैसे लावतं.

म्हणून कार्डावर नुसतं गिरोकार्डाचं चिन्ह असेल, तर ते परदेशी निघालेल्या माणसाच्या उपयोगाचं नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं चिन्ह असेल, तरी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशातला वापर चालू आहे का, ते पाहावं. सुरक्षेसाठी युरोपाबाहेरचा वापर बंद ठेवणाऱ्या किंवा त्यावर कमी मर्यादा लावणाऱ्या बँका आहेत. भारतातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानांतल्या यंत्रांवर चालतं. परदेशातला वापर ग्राहकानं स्वतः चालू करावा लागतो.

यंत्र विचारतं तेव्हा

युरोपीय संघातले सगळे देश युरो वापरत नाहीत. क्रोएशियानं १ जानेवारी २०२३ ला युरो स्वीकारला, पण चेकियात अजून कोरुना आहे, पोलंडमध्ये झ्लॉटी, हंगेरीत फोरिंट. स्वित्झर्लंड तर संघातही नाही, तिथे फ्रँक. युरो वापरणाऱ्या देशात जर्मन कार्डानं दुकानात पैसे दिले, तर चलन बदलण्याचा प्रश्नच नसतो. सीमेपलीकडच्या युरो व्यवहाराला देशातल्या तशाच व्यवहाराहून जास्त आकार लावायला युरोपीय कायद्यानं बँकांना मनाई आहे. चलन बदललं की मात्र हिशोब बदलतो. परकीय चलनातल्या व्यवहारावर बऱ्याच जर्मन बँका पावणेदोन टक्क्यांच्या आसपास आकार घेतात, काही बँका अजिबात घेत नाहीत. खातं निवडताना घराजवळ शाखा आहे का, हे सगळे बघतात. वरचेवर प्रवास करणाऱ्यानं हा आकारही तितक्याच बारकाईनं बघावा.

बँकेच्या आकारापेक्षा मोठी झळ यंत्रावरच्या एका प्रश्नानं बसते. नांदेडची एक विद्यार्थिनी प्रागच्या जुन्या चौकातल्या एटीएमसमोर उभी होती. पाच हजार कोरुना काढायचे होते. यंत्रानं युरोतली रक्कम दाखवून ती मान्य आहे का, असं विचारलं. तिनं तिथूनच फोन लावला, "ताई, युरोत घेऊ की त्यांच्या पैशात? युरोतलं निदान कळतं तरी." मी म्हटलं, "युरोचं रूपांतर नाकार. व्यवहार कोरुनातच होऊ दे."

कारण सोपं आहे. युरो निवडला की दर त्या एटीएमचा मालक ठरवतो. कोरुना निवडला की रूपांतर आपल्या कार्डाच्या जाळ्याच्या दरानं होतं आणि तो दर सहसा बराच बरा असतो. समजा बाजारात एका युरोला २५ कोरुना मिळतात. मग पाच हजार कोरुनांचे २०० युरो झाले. यंत्रानं २२ चा दर लावला, तर त्याच नोटांसाठी खात्यातून सुमारे २२७ युरो जातील. २७ युरोंत विद्यार्थ्याचा आठवड्याचा भाजीपाला येतो. नकाराचं बटण दाबलं की पैसे मिळणार नाहीत, अशी पुष्कळांना भीती असते. तसं नसतं. नकार फक्त रूपांतराला असतो, नोटा मिळतात. दुकानात, हॉटेलात कार्डाच्या यंत्रावर हाच प्रश्न येतो आणि तिथेही उत्तर हेच. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून असं रूपांतर देऊ करणाऱ्यानं, आपला दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्क्यांनी महाग आहे, ते ग्राहकाला आधी दाखवणं बंधनकारक आहे. तो आकडा पडद्यावर असतो. रांग मागे असली तरी तो वाचायचा वेळ घ्यावा, तो आपला हक्क आहे.

फोन, नाव आणि अडकलेली रक्कम

कार्ड चालायला आता फोनही लागतो. युरोपात ऑनलाइन पैसे देताना बहुतेकदा बँकेच्या ॲपमधून मंजुरी द्यावी लागते आणि त्यासाठी इंटरनेट हवं. युरोपीय संघात जून २०१७ पासून रोमिंगचा वेगळा भार नाही, त्यामुळे प्रागमध्ये काही जाणवत नाही. स्वित्झर्लंडला ती सवलत आपोआप लागू होत नाही. ज्यांच्या मोबाइल योजनेत तो देश नाही, त्यांनी झुरिकची तिकिटं घरीच काढून ठेवावीत. फोन आणि कार्ड एकाच पिशवीत ठेवू नये, कारण पिशवी गेली की दोन्ही जातात.

नावाची अडचण खास आपली. महाराष्ट्रातल्या पासपोर्टवर पहिल्या नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. जर्मन बँक ते सगळं नावातच धरते आणि कार्डावर जागा कमी, म्हणून नाव मध्येच तोडते. दुकानात कुणी विचारत नाही. भाड्यानं गाडी घेताना मात्र कार्डावरचं नाव परवान्याशी जुळवून बघतात आणि बऱ्याच ठिकाणी गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्डच मागतात. खातं उघडतानाच कार्डावर कोणतं नाव हवं, ते लिहून द्यावं.

हॉटेल आणि गाडीवाले अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती उधारीच्या मर्यादेतून जाते, डेबिट कार्डावर थेट खात्यातल्या पैशांवर टाच येते. ज्या विद्यार्थ्याचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी उघडलेल्या आणि महिन्याला ठरावीकच रक्कम देणाऱ्या खात्यात आहेत, त्याला सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमानं वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. त्यातले तीनशे युरो चार दिवस अडकले, तर महिन्याअखेरीला भाडं निघत नाही. अशा मुलांनी सहल महिन्याच्या सुरुवातीला आखावी, असं मी आवर्जून सांगते.

हरवलं तर

एक क्रमांक पाठ असावा. जर्मनीत ११६ ११६, परदेशातून त्याच्याआधी ४९ हा देशाचा संकेत. २००५ पासून चालू असलेल्या या सेवेवर दिवसरात्र कधीही बहुतेक जर्मन बँकांची कार्डं बंद करता येतात. बँकेचा आयबॅन म्हणजे खाते क्रमांक कागदावर लिहून सामानात वेगळा ठेवावा, कारण तो तिथे विचारतात.

कार्ड कुठल्या देशाच्या बँकेचं, हे इथे सर्वांत जास्त महत्त्वाचं ठरतं. जर्मन बँकेच्या कार्डावरून युरोपात कुणी चोरून पैसे काढले, तर कार्ड बंद करायच्या आधीच्या नुकसानीतला ग्राहकाचा वाटा कायद्यानं जास्तीत जास्त ५० युरो. कार्ड बंद केल्याचं कळवल्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी ग्राहकावर नाही. आपण मान्यता न दिलेला व्यवहार कळवायला कायदा १३ महिन्यांपर्यंत मुदत देतो, पण लक्षात येताच कळवायला हवं. पिन कार्डासोबत लिहून ठेवला असेल, तर तो गंभीर निष्काळजीपणा ठरतो आणि हे संरक्षण जातं. युरोपाबाहेरच्या व्यवहारांसाठी बँकेच्या करारात वेगळ्या अटी असू शकतात, म्हणून भारतात किंवा तुर्कस्तानात जाण्यापूर्वी तो भाग वाचावा.

त्याच पाकिटात भारतीय बँकेचं कार्ड असेल, तर त्याला भारताचे नियम. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तिसऱ्याच कुणीतरी केलेल्या फसवणुकीत, बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काही जबाबदारी नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत ठरावीक मर्यादेइतकी जबाबदारी येते. एकाच पाकिटातली दोन कार्डं, चोर एकच, पण कायदे दोन आणि मुदतीही दोन.

जुनं खातं

पुष्कळ मुलं जर्मनीत आल्यावरही आई-बाबांनी पैसे भरलेलं भारतातलं बचत खात्याचं कार्ड युरोपभर वापरत राहतात. शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थीही परकीय चलनाच्या कायद्यापुरता अनिवासी धरला जातो, हे रिझर्व्ह बँकेनं २००३ मध्येच स्पष्ट केलं आहे. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या, खात्यात बदलून घ्यावं लागतं. आई-बाबांना वाटतं की यानं मुलगा परका ठरेल. तसं काही होत नाही. खात्यावर फक्त त्याच्या आजच्या राहण्याची नोंद होते.

पुण्याला, नाशिकला सुट्टीवर जाताना हेच खातं कामी येतं. भारतातल्या बऱ्याच एटीएममधून परदेशी कार्डावर एका वेळी दहा हजार रुपयेच निघतात, आणि जर्मन बँक प्रत्येक वेळचा ठरावीक आकार लावत असेल, तर चार वेळा काढलेल्या पैशांवर तो चारदा बसतो. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे यूपीआय. २०२३ मध्ये परदेशी मोबाइल क्रमांकावरून अनिवासी खात्याला यूपीआय जोडायची सोय झाली, तेव्हा पहिल्या दहा देशांच्या यादीत जर्मनी नव्हता. इथल्या कित्येकांनी त्यामुळे भारतातला क्रमांक जपून ठेवला. कामापुरती रोकड जर्मन कार्डानं एकदाच, मर्यादेइतकी काढावी आणि रोजच्या खर्चाला एनआरओ खातं ठेवावं, अशी वाटणी मला सर्वांत सोयीची वाटते.

जून २०१६ पासून जर्मनीत कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला, अगदी आश्रय मागायला आलेल्यालाही, मूलभूत बँक खातं मिळण्याचा हक्क आहे. मला या कायद्याचा फार आदर वाटतो, कारण खात्याशिवाय इथे घरभाडं भरता येत नाही आणि पगारही घेता येत नाही. पण त्या खात्याचं कार्ड परदेशात कुठे चालेल, किती महाग पडेल आणि हरवलं तर काय करायचं, हे बँका शंभर पानांच्या नियमावलीत लिहून मोकळ्या होतात. नव्या माणसाला ती भाषाही पुरती येत नसते आणि परक्या गावात त्याला पैसे उसने द्यायला मामा-काका नसतात. ही चार वाक्यांची माहिती त्याला कार्डासोबत, त्याला कळेल अशा भाषेत मिळायला हवी. तोवर खातं उघडतानाच बँकेच्या माणसाला तीन गोष्टी विचारा. कार्डावर आंतरराष्ट्रीय चिन्ह कुठलं? दुसऱ्या चलनात आकार किती? युरोपाबाहेर जबाबदारी कोणाची? उत्तरं मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. ग्राहक म्हणून ती तुमच्या हक्काची आहेत, पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो.