पुढे ढकललेलं माफ झालं नव्हतं

टाळेबंदीतले हिशेब लातूर जिल्ह्याच्या जळकोट तालुक्यातल्या घरांतून अजूनही निघतात. "तवा सरकारनं सगळं माफ केलं," असं एक जण म्हणतो. "आम्हाला छदाम मिळाला नाही, आमचं दुसऱ्यानंच खाल्लं," असं दुसरा. दोघंही मनापासून बोलतात आणि दोघांचंही चुकतं. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला, त्यानंतर मदत नक्की आली. पण प्रत्येक मदतीला अट होती, आणि सवलत म्हणून जे मिळालं त्यातलं बरंचसं नुसतं पुढे ढकललेलं होतं. ती अट दारात येऊन कुणी समजावली नाही. त्यातून भावकीत जे वाकडं आलं, ते टाळता आलं असतं.

सगळ्यात जास्त भांडणं कंट्रोलच्या दुकानासमोर झाली. "कार्ड दोघांचंही केशरी, मग त्याला फुकट तांदूळ अन् मला का नाही?" याचं उत्तर कार्डाच्या रंगात नाही, ते आतल्या शिक्क्यात आहे. तेव्हा आपल्याकडे केशरी कार्डात तीन तऱ्हेची घरं बसायची. पहिलं प्राधान्य कुटुंब, म्हणजे अन्नसुरक्षा कायद्यातलं. ग्रामीण भागात त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार रुपये होती. दुसरं केशरी शेतकरी कुटुंब: लातूर-नांदेडसह शेतकरी आत्महत्या झालेल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ साली ही वेगळी योजना काढली. आणि तिसरं नुसतं केशरी, ज्याला एरवी सवलतीचं धान्य मिळत नव्हतं.

आता मे २०२० मध्ये एकाच गल्लीतली, प्रत्येकी पाच माणसांची तीन घरं धरा. प्राधान्य घराला माणशी ३ किलो गहू २ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ ३ रुपयांनी, म्हणजे २५ किलो धान्य ६० रुपयांत. शिवाय प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून माणशी ५ किलो तांदूळ फुकट आणि कार्डामागे महिन्याला एक किलो डाळ. शेतकरी घराला तेच २५ किलो ६० रुपयांत, पण केंद्राचा फुकट तांदूळ नाही, कारण तो अन्नसुरक्षेतल्या कार्डांनाच होता. तिसऱ्या घराला राज्याने मे आणि जून महिन्यांसाठी गहू ८ रुपयांनी आणि तांदूळ १२ रुपयांनी दिला, म्हणजे त्याच २५ किलोला २४० रुपये. रंग एक, दुकान एक, आणि पिशव्या तीन मापांच्या. कुठे काटा मारला गेला नसेलच असं मी म्हणत नाही, पण हा फरक दुकानदाराने केलेला नव्हता. पुण्याहून, हैदराबादहून काम सोडून परतलेल्या पोरांची नावं घरच्या कार्डात असली तर त्यांचाही वाटा धरला जायचा. लग्नानंतर नावं कमीजास्त न केलेल्या घरांना तेव्हा ते जाणवलं.

फुकटचा तांदूळ नेहमीच्या कोट्याच्या बदल्यात होता, हेही खरं नाही. तो वरचा होता.

जनधनच्या ५०० रुपयांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. एप्रिल ते जून असे तीन महिने ते फक्त महिलांच्या जनधन खात्यात आले, प्रत्येक बचत खात्यात नाही. "लवकर काढले नाहीत तर सरकार परत घेतंय" ही निव्वळ अफवा होती. गर्दी होऊ नये म्हणून एप्रिलमध्ये खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार दिवस ठरवले होते, ३ तारखेला ० आणि १, ४ तारखेला २ आणि ३, असे. जमा झालेले पैसे खात्यातच राहणार होते. तरीही बायाबापड्या भर उन्हात बँकेपुढे ताटकळल्या.

जूनचं वीजबिल पाहून लोक हादरले. "तीन महिने बिल नव्हतं, आता दुपटीनं लावलं." मार्चअखेर रीडिंग थांबलं होतं, म्हणून मधली बिलं डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सरासरीवर आली. हिवाळ्यात पंखाही बंद असतो. समजा सरासरी ६० युनिटची निघाली आणि एप्रिल ते जून खरा वापर महिन्याला ११० होता. मग एकूण ३३० युनिटांतली १२० एप्रिल-मेच्या बिलांत आधीच आकारलेली आणि २१० जूनच्या बिलात एकदम. १०० युनिटांपर्यंतचा स्वस्त दर मात्र दर महिन्याला वेगळा धरायचा होता, म्हणजे ३०० युनिटं स्वस्त दरात बसतात. बिलात ही विभागणी झाली का, हे पाहायचं होतं. त्यात १ एप्रिलपासून दरही बदलले होते. खरा जाच वेगळाच: घरात रोजगार नसताना एवढी रक्कम एकदम दारात आली.

कर्जाचे हप्तेही माफ झाले नव्हते. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० एवढी मुदत दिली, पण व्याज चालूच राहिलं. पुढे व्याजावरचं व्याज लागणार नाही असं ठरलं. मूळ व्याज भरावंच लागलं. ज्याच्या हातात पैसा होता आणि माफी समजून ज्याने हप्ता थांबवला, त्याचा तोटाच झाला.

आणि शाळा. "पोरं पास झाली, वर्ष वाचलं" हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. पहिली ते आठवीच्या आणि नंतर नववी, अकरावीच्या परीक्षा रद्द झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर राहूनच गेला. पण जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात बसलं ते १ डिसेंबर २०२१ रोजी, दुसरी अर्धी सरल्यावर. जानेवारीत शाळा पुन्हा काही काळ बंद. या मुलाने पाटीवर अक्षर गिरवायचं ते कधी? मोबाइलवर शिक्षण चालू होतं म्हणावं, तर घरातला एकच मोबाइल बापाबरोबर शेतात जायचा, आणि डोंगराच्या कुशीतल्या तांड्यावर रेंज मिळायला माळ चढावा लागायचा. ८४ दिवसांचा रिचार्ज सहाशेच्या घरात होता. रोजगार हमीची मजुरी तेव्हा दिवसाला २३८ रुपये होती. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पाठांची मालिका लागायची, तिला इंटरनेट लागत नव्हतं, हे बऱ्याच घरांत पोचलंच नाही. शाळा बंद म्हणून खिचडीही गेली, असं नव्हतं: पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदळाचा हिशेब करून कोरडा शिधा पालकांना द्यायचा होता.

मुलं शाळा सोडून गेली, हे सरसकट म्हणणंही चूक. शाळकरी मुलांच्या 'असर' या पाहणीत २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागात ६ ते १४ वयाची ९८.४ टक्के मुलं पटावर होती, २०१८पेक्षा जास्तच. घसरलं ते वाचन. तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो त्यांचं प्रमाण २७.३ टक्क्यांवरून २०.५ वर आलं.

"ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांची शाळा तशीही बुडते, त्यांना काय फरक पडला?" असंही ऐकलं आहे. फरक त्यांनाच जास्त पडला. आईबाप कारखान्यावर गेले तरी लेकराला आजीजवळ गावात ठेवायचं एकच कारण असतं, शाळा. हंगामी वसतिगृह चालतं तेही शाळेच्या आधाराने. शाळेला कुलूप लागल्यावर २०२०च्या दिवाळीआधी कोयता निघाला, तेव्हा लेकराला मागे ठेवायला घरच्यांकडे काही कारणच उरलं नाही, आणि फडावर गेलेलं बारा वर्षांचं पोर पाचटात बसून राहत नाही, ते मोळ्या बांधतं.