जास्वंदीवरील पांढरे पुंजके रोगाचे की किडीचे?

चेन्नई - जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पुंजके दिसू लागले, पाने आक्रसली आणि कळ्या न उमलताच गळू लागल्या, की अनेक बागप्रेमी त्यास बुरशी समजून बुरशीनाशक फवारतात. वस्तुतः ती बहुधा पिठ्या ढेकूण ही कीड असते. बुरशीनाशकाने ती जात नाही.

चेन्नईच्या उष्ण व दमट सागरी हवेत कडक थंडी पडत नसल्याने अशा किडींची पैदास वर्षभर होत राहते. त्यामुळे अचूक ओळख येथे विशेष महत्त्वाची ठरते.

तमिळनाडूने याचा मोठा अनुभव घेतला आहे. मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील पपईवरील पिठ्या ढेकूण 2008 मध्ये भारतात प्रथम कोइमतूर येथे आढळला. पपई, तुती आणि टॅपिओका यांच्यासह जास्वंदीलाही त्याने ग्रासले. कीटकनाशकांच्या वारंवार फवारण्या करूनही तो आटोक्यात येईना, कारण मेणाचे आवरण त्याचे रक्षण करते. अखेर 2010 मध्ये पोर्टो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडण्यात आल्या. त्यांपैकी असेरोफॅगस पपाये या सूक्ष्म प्रजातीने किडीवर प्रभावी नियंत्रण मिळवले.

ओळखावे कसे?

पुंजका काडीने हलवल्यावर त्याखाली मऊ, पिवळसर कीटक दिसल्यास पिठ्या ढेकूण समजावा. पाने चिकट होऊन त्यांवर काजळी धरणे, खोडावर मुंग्यांची रांग लागणे हीदेखील रसशोषक किडींचीच खूण होय. पानांखाली चक्राकार मेणचट रेषा असतील, तर ती चक्राकार पांढरी माशी असते. बारीक फिकट ठिपके व तलम जाळी हे लाल कोळ्याचे लक्षण आहे.

गुलाबाच्या पानांवर झालरदार कडेचे काळे डाग पडून भोवताली पिवळेपणा येणे, हा काळ्या ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग होय. पाने दीर्घकाळ ओली राहिल्यास तो फैलावतो. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात अधिक दक्षता घ्यावी. चाफ्याच्या पानांखालील नारिंगी भुकटी तांबेऱ्याची असते. मोगऱ्याच्या कळ्यांना छिद्रे पडून त्या धाग्यांनी जोडल्या गेल्यास कळी पोखरणारी अळी असते.

उपाय

बुरशीजन्य रोगात बाधित पाने काढून नष्ट करावीत आणि पाणी पानांवर न घालता मुळाशी द्यावे. पिठ्या ढेकणासाठी ग्रस्त शेंडे छाटावेत, पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि मुंग्यांचा बंदोबस्त करावा. मधासारख्या स्रावासाठी मुंग्या या किडीचे शत्रूंपासून रक्षण करतात. आवश्यकता भासल्यास निंबोळी तेलाची फवारणी करावी. तीव्र कीटकनाशकाने किडीआधी तिचे नैसर्गिक शत्रूच मरतात आणि कीड दुप्पट जोमाने परतते. म्हणूनच फवारणीपूर्वी पान उलटून पाहणे, हा बागेच्या संरक्षणाचा पहिला उपाय ठरतो.