तुटलेला बोल्ट : काढावा कसा, आणि पुन्हा तुटू नये म्हणून काय करावे?



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रॉलीची डागडुजी बरेच सभासद घरीच करतात. त्यात दोन पैसे वाचतात आणि आपल्या यंत्राची माहितीही होते. मात्र गंजलेला बोल्ट पान्याखाली एकाएकी हलका फिरू लागतो आणि डोके हातात येते. पुढच्या पाच मिनिटांत आपण काय करतो, यावर काम पन्नास रुपयांत निभावणार की इंजिनचे हेड खोलावे लागणार, हे ठरते. म्हणून या विषयाची थोडी माहिती येथे देत आहोत.

आधी थांबा आणि तुटलेला भाग पाहा

बोल्ट का तुटला हे त्याच्या तुटक्या तोंडावरून कळते. तोंडाचा काही भाग काळपट, गंजका आणि उरलेला चकचकीत असेल, तर चीर जुनीच होती. असा बोल्ट बहुधा आधी ढिला होऊन धक्के खात राहिलेला असतो. बोल्ट पिळवटून, मानेशी बारीक होऊन तुटला असेल, तर जोर जास्त झाला. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे स्टड मात्र रोज तापून-निवून आट्यात धरून बसतात आणि खोलताना तुटतात. काही जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांना डावे आटे असतात; तिथे नेहमीच्या दिशेने जोर लावला तर ढिला होण्याऐवजी आवळतो. तेव्हा जोर लावण्यापूर्वी दिशा तपासावी.

तुकडा बाहेर राहिला असेल तर

हे नशीब समजा. तारेच्या ब्रशने गंज झाडा, गंज सोडवणारे तेल सोडा आणि रात्रभर तसेच राहू द्या. मधून मधून हातोडीने हलके ठोके द्या, म्हणजे तेल आट्यांत उतरते. मग तुकड्याच्या दोन बाजू कानशीने सपाट करून पाना बसवा. एकदम उलटा फिरवू नका. थोडा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. असे मागे-पुढे केल्याने गंजाचा चुरा निघत जातो.

एवढ्याने हलला नाही तर उष्णता द्यावी. बोल्ट नव्हे, त्याच्या भोवतालचा भाग तापवावा. भोक किंचित फुगते आणि पकड सुटते. वेल्डरकडून तुटक्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घेणे हा तर नामी उपाय. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि पाना लावायला नवे डोके मिळते. लालपणा गेल्यावर, कोमट असतानाच फिरवावे.

तुकडा आत तुटला असेल तर

१. तुकड्याच्या बरोबर मध्यावर सेंटर पंचाने खूण करा. इथे घाई केली की पुढचे सगळे वाकडे जाते.

२. आधी ३ मि.मी.चे ड्रिल सरळ धरून, मंद गतीने, तेलाचा थेंब देत चालवा. मग भोक थोडे थोडे वाढवा. आरपार किती जायचे ते आधी मोजा. पलीकडे पाण्याची किंवा तेलाची वाट असू शकते. डावे ड्रिल मिळाले तर फारच छान. कधी कधी भोक पाडता पाडताच तुकडा फिरून बाहेर येतो.

३. बोल्टच्या साधारण निम्म्या जाडीचे भोक झाल्यावर उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर बसवून सावकाश फिरवा. इथे मात्र बळ दाखवू नका. एक्स्ट्रॅक्टर फार कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साधे ड्रिल त्याला लागत नाही, मग बसा कपाळाला हात लावून!

४. तरीही निघाला नाही तर बोल्टच पोखरून काढावा. ८ मि.मी.च्या नेहमीच्या जाड आट्यांसाठी ६.८, १० साठी ८.५ आणि १२ साठी १०.२ मि.मी. ड्रिल लागते. उरलेली आट्यांची साल काढून योग्य टॅप फिरवावा. जुन्या ट्रॅक्टरला इंची आटेही असतात, म्हणून टॅप घेताना चांगला जुना बोल्ट दुकानात घेऊन जा. घरचे आटेच गेले असतील तर तारेचे इन्सर्ट बसवून ते नवे करता येतात.

जिवाला जपा

डोळ्यांवर चष्मा हवाच. ड्रिलचा चुरा डोळ्यात गेला तर हंगाम बाजूला राहतो. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॉलीखाली जाऊ नका. मजबूत लाकडी ठोकळे द्या आणि चाकांना दगड लावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर सोडा आणि अर्थ कामाच्या जवळच लावा. डिझेल टाकी, रबरी नळ्या आणि वाळलेले पाचट यांजवळ ज्योत वा ठिणगी नको. पाचटात पडलेली एक ठिणगी अख्खा फड घेते.

नवा बोल्ट बसवताना

डोक्यावरचे आकडे वाचा. ८.८ पेक्षा १०.९ चा बोल्ट अधिक ताकदीचा. जो मूळ होता तोच दर्जा घ्या. भंगारातला "बसतोय ना" म्हणून लावू नका. बंद भोकात तेल साचले असेल तर पुसून काढा, नाहीतर आवळताना दाबाने कास्टिंगला चीर जाते. मॅनिफोल्डच्या स्टडला उष्णता सोसणारी तांब्याची पेस्ट लावा, म्हणजे पुढच्या वेळी सुखाने सुटेल. चाकाच्या आट्यांना मात्र पुस्तिकेत सांगितल्याशिवाय ग्रीस लावू नका. तेवढ्याच जोरात बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

चाकाचा एक बोल्ट तुटला तर शेजारच्यांनीही त्याचा भार सोसलेला असतो, म्हणून त्या चाकाचे सगळेच बदलावेत. समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा तपासावेत. स्टिअरिंग, ब्रेक आणि ट्रॉलीच्या जोडाचा बोल्ट तुटला तर घरगुती उपाय नकोच. ते काम जाणत्या फिटरकडेच द्यावे.

उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यावर असते तेव्हा तिच्या मागे-पुढे पोरंबाळं, सायकलवाले, तोडणी मजुरांच्या बैलगाड्या असतात. एका बोल्टाची किंमत तिथे कळते. तरी सर्व सभासदांनी पहिली खेप निघण्यापूर्वी ट्रॅक्टर-ट्रॉलीचे सगळे बोल्ट एकदा पान्याने तपासून घ्यावेत, ही नम्र विनंती.